विवाहनिर्बंध व निवृत्तिवेतन (आयर्लंड)

लग्न होताच नोकरी सोडण्याची सक्ती झालेल्या आणि पुढे सेवेत परतलेल्या स्त्रियांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत ही सक्ती, म्हणजेच विवाहनिर्बंध, होता. आयर्लंडच्या मुलकी सेवेत तो 1973 पर्यंत टिकला. ब्रिटिश अमलातली ही प्रथा स्वतंत्र आयर्लंडने चालू ठेवली आणि 1956 च्या मुलकी सेवा कायद्याने ती पक्की केली. प्राथमिक शिक्षिकांना हा नियम 1930 च्या दशकात लागू झाला आणि 1958 मध्ये उठला.

सक्तीने घरी जाणाऱ्या स्त्रीला ‘विवाह उपदान’ मिळे. किमान सहा वर्षे सेवा झाली असेल तर दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, जास्तीत जास्त एक वर्षाचा. वरवर हा सरकारी आहेरच. पण तो स्वीकारला की त्या वर्षांवरचा निवृत्तिवेतनाचा हक्क संपे. आकडे मांडले की सौदा उघड होतो. तिथल्या जुन्या योजनेत दर वर्षाच्या सेवेला अंतिम पगाराचा 1/80 भाग वार्षिक निवृत्तिवेतन म्हणून मिळे, शिवाय 3/80 एकरकमी. म्हणजे आठ वर्षांच्या सेवेचे उपदान आठ महिन्यांचा पगार, एकदाच. तीच आठ वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरली गेली असती, तर अंतिम पगाराचा दहावा हिस्सा दरवर्षी, हयातभर.

डिसेंबर 1972 मध्ये स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगाने अहवाल दिला. अध्यक्ष थेक्ला बीअर या आयर्लंडमध्ये खात्याच्या सचिवपदी पोहोचलेल्या पहिल्या स्त्री. त्या अविवाहित होत्या, आणि विवाहित असत्या तर त्या खुर्चीपर्यंत पोहोचल्याच नसत्या. 1973 मध्ये आयर्लंड युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि त्याच वर्षी मुलकी सेवेतला निर्बंध रद्द झाला. मात्र आधी बाहेर पडलेल्यांना सरसकट परत घेतले नाही. विधवांना परतण्याची वाट पूर्वीपासून होती. नव्या कायद्याने, नवरा पोसत नाही अशा स्त्रियांनाही ती दिली. थोडक्यात, परतायचे तर कुंकवाचा आधार तुटल्याचे सरकारला पटवून द्यायचे.

परतलेल्या स्त्रीला जुनी वर्षे निवृत्तिवेतनासाठी धरून हवी असतील, तर घेतलेले उपदान चक्रवाढ व्याजासह परत करावे लागे. मुले वाढवण्यात गेलेली मधली वर्षे तर कोरीच राहिली. आपल्याकडे कार्यालयात ‘सेवाखंड क्षमापित करणे’ असा शब्दप्रयोग आहे; इथे खंड सरकारनेच पाडलेला होता, तेव्हा क्षमा कोणी कोणाची करायची?

ज्या परतल्याच नाहीत त्यांची अडचण वेगळी. कायम पदावरील मुलकी सेवकांकडून 6 एप्रिल 1995 पूर्वी सामाजिक विम्याची वर्गणी कमी दराने कापली जाई आणि तिच्यावर अंशदायी (भरलेल्या वर्गण्यांवर मिळणारे) राज्य निवृत्तिवेतन मिळत नसे. त्यामुळे खात्याचे नाही आणि राज्याचेही नाही, अशी गत अनेकींची झाली. घर सांभाळणाऱ्यांसाठी 1994 मध्ये आलेल्या योजनेने त्या वर्षाआधीचा काळ धरलाच नाही. 2018 मध्ये जाहीर झालेल्या नव्या पद्धतीत घरी संगोपनात गेलेली 20 वर्षांपर्यंत मोजता येतात, तीही मागच्या काळातली. पण पूर्ण दराच्या किमान 520 साप्ताहिक वर्गण्या भरलेल्या असल्या तरच.

भारतातही असे नियम होते. परराष्ट्र सेवेतील स्त्रीला लग्नासाठी सरकारची परवानगी लागे, सी. बी. मुथम्मा यांच्या खटल्यात 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. लष्करी परिचर्या सेवेतील सेलिना जॉन यांना 1988 मध्ये लग्नाच्या कारणावरून सेवेतून काढले होते. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, पण पुनर्नियुक्तीऐवजी सर्व दाव्यांपोटी 60 लाख रुपये देवविले. एकरकमीच.