बंद कपाटातला शेरा: गोपनीय अहवालाची पार्श्वभूमी

सरकारी कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामावर साहेबांनी लिहायचा गोपनीय अहवाल ही इंग्रजी अमदानीतली देणगी. स्वातंत्र्यानंतरही रीत तीच राहिली: वर्षअखेरीस साहेबांनी शेरा लिहायचा, वरच्या साहेबांनी पुनर्विलोकन करायचे, फाइल कपाटात जायची. कर्मचाऱ्याला कळवायचा तो फक्त प्रतिकूल शेरा. चांगले लिहिले असेल तर कळवण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे वर्षानुवर्षे झालेले कौतुक ज्याचे होते त्याच्याच कानावर जात नसे. या पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान हेच.

वाद पेटला तो ‘चांगला’ या शेऱ्यावरून. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या केंद्रीय संघटनेतले एक कार्यकारी अभियंता अधीक्षक अभियंतापदाच्या बढतीसाठी पात्र होते. बढतीला सलग पाच वर्षे किमान ‘अतिशय चांगला’ शेरा हवा होता. 1993-94 या एका वर्षी त्यांना नुसता ‘चांगला’ मिळाला होता आणि तो त्यांना कधी कळवलाच नव्हता. बढती हुकली. सरकारचे म्हणणे असे, की ‘चांगला’ हा प्रतिकूल शेराच नव्हे, मग कळवायचा कशाला?

मे 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. शेऱ्याला काय म्हणतात ते गौण, त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. बढती अडवणारा ‘चांगला’ प्रतिकूलच. म्हणून प्रत्येक शेरा कळवा. निकालात आणखी एक मुद्दा आला, ज्याकडे आजही पुरेसे लक्ष जात नाही: ‘उत्कृष्ट’ शेराही कळवावा, कारण त्याने कर्मचाऱ्याचे मनोबल वाढते आणि तो अधिक जोमाने काम करतो. कौतुक सांगणे हा शिष्टाचार नसून कामाचा भाग आहे, हे इतक्या वरून इतके स्वच्छ सांगितले गेले. पुढे काही वर्षे वेगवेगळी मते निघत राहिली. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2008 चाच निकाल कायम केला.

आयएएस, आयपीएस अधिकाऱ्यांसाठी 2007 च्या नियमांनीच अहवाल दाखवण्याची सोय केली होती. इतर केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मे 2009 मध्ये परिपत्रक निघाले. 2008-09 पासून पूर्ण अहवाल दाखवायचा, हरकतीला 15 दिवस. अंक 1 ते 10: झालेल्या कामाला 40 टक्के भार, वैयक्तिक गुण आणि कार्यक्षमतेला 30-30. 1-2 किंवा 9-10 अंक दिले, तर वर्णनात्मक शेऱ्यात नेमके कारण द्यायचे. महाराष्ट्रातही गोपनीय अहवालाचा कार्यमूल्यमापन अहवाल झाला आणि ‘महापार’ या राज्य सरकारच्या संगणकीय प्रणालीवर ऑनलाइन भरला जाऊ लागला.

गाडी अडते ती त्या नेमक्या कारणापाशीच. ‘काम समाधानकारक, वर्तणूक चांगली, सचोटी संशयातीत’ ही ओळ लिपिकापासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांना बसते, म्हणून कुणालाच लागू होत नाही. शेरा उघड होणार म्हटल्यावर वाईटपणा नको म्हणून अंकही सरसकट वर जातात. मग खरोखर राबलेल्याचे 9 आणि निभावून नेलेल्याचे 9 सारखेच दिसतात. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘मोजणीअभावी रखडलेल्या 40 प्रकरणांपैकी 34 भूमी अभिलेख कार्यालयाशी समन्वय साधून 31 मार्चपूर्वी निकाली काढली.’ दोन ओळींत काम, अडचण आणि माणसाचा वाटा, तिन्ही येतात.

असे लिहायला वर्षभराची टिपणे लागतात. मार्चअखेर उलटल्यावर दहा-बारा अहवाल एका बैठकीत उरकणाऱ्या प्रतिवेदन अधिकाऱ्याला, म्हणजे शेरा लिहिणाऱ्या साहेबांना, जूनमधले काम आठवत नाही. आठवते ती फेब्रुवारीतली चूक. म्हणून काम निकाली निघेल त्याच दिवशी तारीख, काम आणि आकडा टिपून ठेवावा, आणि कर्मचाऱ्याला तेव्हाच तोंडी सांगावा. अहवाल हातात पडेपर्यंत त्या कामाला दीड वर्षही झालेले असू शकते.