नसबंदीनंतरची शुक्राणुनिर्मिती

पुरुष नसबंदीत दोन्ही शुक्रवाहिन्या, म्हणजे शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळ्या, कापून बांधतात. वृषणाला हातही लागत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही वृषणात शुक्राणू तयार होतच राहतात. एक शुक्राणू घडायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात आणि हे चक्र थांबत नाही. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक थेट रक्तात मिसळत असल्याने त्यातही घट होत नाही. वीर्याचा बहुतांश भाग शुक्राशय व पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीतून येतो, म्हणून त्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. ‘ऑपरेशननंतर अशक्तपणा येतो, मर्दानगी जाते’ ही भीती निराधार आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदी अवघी ०.३ टक्के आढळली. अवघड शस्त्रक्रियेचा भार बायकांवरच पडतो आहे.

वाट बंद झालेले शुक्राणू वृषणामागच्या अधिवृषणात साठतात. ही वेटोळी नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर भरेल. तिथे जुने शुक्राणू विघटित होतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि शरीर ते शोषून घेते.

कापलेल्या जागेच्या पुढे मात्र आधीचे शुक्राणू उरलेले असतात. म्हणून सुमारे तीन महिने निरोध किंवा दुसरे साधन वापरावे लागते आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे दिसल्यावरच नसबंदी यशस्वी मानतात. ही तपासणी टाळली आणि दिवस गेले, तर संशय बाईवर घेतला जातो. तो अन्याय आहे. क्वचित तुटलेली टोके पुन्हा जुळूनही गर्भधारणा होते.

वर्षे उलटतात तसा ताण पडतो तो मुख्यतः अधिवृषणावर. आतला दाब वाढून नळी एखाद्या ठिकाणी फुटते, बाहेर आलेल्या शुक्राणूंभोवती गाठ धरते आणि तिथे दुसरा अडथळा तयार होतो. निम्म्याहून अधिक पुरुषांत शुक्राणुविरोधी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आढळतात. काहींच्या वृषणात तंतुमयता येऊन, म्हणजे ऊती कठीण होऊन, निर्मिती काहीशी मंदावते, पण ती सहसा बंद पडत नाही.

वाहिनी पुन्हा जोडून घेणाऱ्यांना हा काळाचा परिणाम जाणवतो. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, नसबंदीला तीन वर्षे होण्याआधी जोडणी केलेल्यांपैकी ९७ टक्के पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली; नसबंदीला पंधरा किंवा अधिक वर्षे झालेल्यांत हेच आकडे ७१ आणि ३० वर आले. जोडणी शक्य नसेल, तर वृषणातून सुईने शुक्राणू काढून प्रयोगशाळेत फलन घडवता येते.