परगावी करमत नसेल तेव्हा

शिक्षणासाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी साताऱ्यात कॉट बेसिसवर राहायला आलेल्या मुलामुलींना पहिले काही आठवडे फार जड जातात. दिवस क्लास, अभ्यासिका आणि मेसमध्ये निघून जातो. संध्याकाळी मात्र तेच ते विचार डोक्यात घोळू लागतात: घरी काय चाललं असेल, इथे आलो ते बरोबर केलं का, आपल्याला झेपेल का.

या घोळणाऱ्या विचारांवरच अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३८ जणांपैकी काहींना झाडं आणि गवत असलेल्या वाटेने, तर बाकीच्यांना वाहत्या रस्त्याच्या कडेने दीड तास चालायला सांगितलं. झाडांमधून चालून आलेल्यांचं कुढणं कमी झालं आणि अशा विचारांशी निगडित असलेला मेंदूचा एक भाग शांत झालेला दिसला. रस्त्याच्या कडेने चाललेल्यांमध्ये असा फरक पडला नाही.

रोज दीड तास काढणं अवघडच, पण तेवढी गरजही नाही. मिशिगनमधल्या २०१९ सालच्या अभ्यासात लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं गेलं. २० ते ३० मिनिटं निसर्गात घालवल्यावर ते सर्वांत झपाट्याने उतरलं. त्यापुढेही उतरत राहिलं, पण सावकाश. मात्र त्यात अटी होत्या: फोन नाही, गप्पा नाहीत, वाचन नाही, पळण्याचा व्यायाम नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. कानात इअरफोन घालून अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलं तर व्यायाम होईल, पण मन खोलीतच राहील.

म्हणून जागा जवळची निवडा, पायी दहा-पंधरा मिनिटांत गाठता येईल अशी. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची झाडी, ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाचा परिसर, माहुलीजवळ राहत असाल तर कृष्णा-वेण्णेचा संगम. रोज तीच जागा आणि शक्यतो तीच वेळ ठेवा. कुठे जायचं हे ठरवण्यातच निम्मी संध्याकाळ जात नाही. अंधार पडायच्या आत परता. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाणी बघता बघता चढतं, तेव्हा त्या दिवसांत नदीपासून लांबच बसा.

नुसतं बसलं की मन पुन्हा घराकडे धावतं, यासाठी डोळ्यांना काम द्यावं. हातभर जागा ठरवायची आणि तिच्यात किती प्रकारची पानं, किडे, शेवाळं आहेत ते पाहायचं. कासचं पठार रोज पायी गाठण्याइतकं जवळ नाही, पण यासाठी अप्रतिम. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली ते जागतिक वारशात गेलं. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे सीतेची आसवं फुलतात: बारीक देठावर निळसर-जांभळी, नखाएवढी फुलं. त्यांची खरी कमाल मातीत आहे. जांभ्या कातळावर माती जेमतेम, त्यात पाऊस पोषक द्रव्यं धुऊन नेतो. म्हणून या झाडाला मिलिमीटरभर आकाराचे पोकळ फुगे असतात. फुग्याच्या दारावरच्या केसाला सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो जीव सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात फुग्यात ओढला जातो आणि झाडाचं अन्न होतो. हे बघायला रोप उपटू नका. वाटेच्या कडेला उकिडवं बसून फूल निरखणं पुरेसं आहे. एवढं बारीक पाहताना दुसरा विचार डोक्यात शिरायला जागाच राहत नाही. मात्र रविवारी जाऊ नका. गर्दीत आणि पार्किंगच्या रांगेत शांतता हाती लागणार नाही. कामाच्या दिवशी, आधी ऑनलाइन नोंदणी करून जा.

आता दुसरा उपाय, कृतज्ञतेचा. एमन्स आणि मॅककलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते येत्या आठवड्याबद्दल जास्त आशावादी होते. परिणाम माफकच असतो, पण खर्च एका वहीचा. चूक होते ती अशी, की दर वेळी ‘आई-बाबा, आरोग्य, निसर्ग’ हेच लिहिलं जातं आणि तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. त्याऐवजी नेमकं लिहा: ‘बुधवारी उशीर झाला तरी मेसच्या मावशींनी दोन चपात्या झाकून ठेवल्या.’ नव्या गावातली माणसं आणि जागा वहीत येऊ लागल्या की गाव परकं वाटणं ओसरतं.

दुःख दाबून जबरदस्तीने आभार मानायला लागू नका. दोन आठवडे झोप, भूक किंवा अभ्यास पार बिघडला असेल, तर झाडांवर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटा, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.