पीएम स्वनिधीचा अर्ज: घोडं अडतं ते शिफारसपत्रापाशी

पावसाच्या सुरुवातीला शेवळं आणि पुढे कर्टुली घेऊन ठाणे स्टेशनबाहेर बसणाऱ्या कितीतरी बायका शहापूर-आसनगावकडून लोकलने येतात. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "मावशी, तुमचा आधार गावचा, तुम्हाला कर्ज नाही." हे साफ चूक आहे. पीएम स्वनिधी ही फेरीवाल्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना, आणि आसपासच्या गावांत राहून शहरात विकणाऱ्यांसाठी तिच्यात वेगळा गटच आहे. तुम्ही बसता कुठे, ते बघितलं जातं.

म्हणून अर्जात पालिका नीट निवडा. राहायला विटाव्यात आणि हातगाडी दिघ्याला, तर पालिका नवी मुंबई, ठाणे नव्हे. ज्या रस्त्यावर तुम्ही उभेच राहत नाही, तिथला कर्मचारी चौकशीत तुम्हाला ओळखणार कसा?

केंद्राने ही योजना जून 2020 मध्ये, टाळेबंदीत धंदा बुडालेल्यांसाठी आणली. पहिलं कर्ज तेव्हा 10,000 रुपये होतं. ऑगस्ट 2025 च्या फेररचनेनंतर ते 15,000 पर्यंत झालं. ते फेडलं की 25,000 आणि मग 50,000 पर्यंत. तारण लागत नाही. आधीची मुदत 31 डिसेंबर 2024 ला संपली, तेव्हा "योजना बंद झाली" अशी बोंब उठली ती अजून विरलेली नाही. कर्जवाटप आता 31 मार्च 2030 पर्यंत आहे.

अर्ज पोर्टलवरून स्वतः किंवा सेवा केंद्रातून भरता येतो. आधार, मतदार ओळखपत्र आणि बँक पासबुक जवळ ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. नंबर बऱ्याचदा मुलाचा असतो आणि मुलगा नेमका कामावर! आधी नंबर बदलून घ्या, मग रांगेत उभे राहा.

आता खरी अडचण. पालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर प्रश्नच नाही. पण पालिकेने फेरीवाल्यांची नोंद केली त्या सर्वेक्षणाच्या दिवशी तुम्ही गावी होता, आजारी होता, किंवा धंदाच नंतर सुरू केला, तर तुम्ही विक्रेते आहात असं सांगणारं पालिकेचं शिफारसपत्र लागतं. ते कुणाकडेच तयार नसतं, आणि अर्ज बहुतेक इथेच मरतो. त्यासाठी फेरीवाला संघटनेचं सभासदकार्ड चालतं, टाळेबंदीत मिळालेल्या मदतीचा कागद चालतो, विक्रेता असल्याचं सिद्ध करणारा दुसरा पुरावाही देता येतो. यातलं काहीच नसेल, तर साध्या कागदावर अर्ज देऊन स्थानिक चौकशी मागता येते.

मी तर सगळ्यांना विचारतो, गाडी उचलली होती तेव्हाची दंडाची पावती आहे का? एका भाजीवाल्या ताईंनी ती रागाने फाडून टाकली होती. राग समजतो, पण तुम्ही त्या रस्त्यावर विकत होता हे पालिकेनेच लिहून दिलेला तो कागद. सोबत जोडून द्या.

शिफारसपत्र 15 दिवसांत द्यावं असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. खिडकीवर "नंतर या" हे उत्तर तयारच असतं. तोंडी विचारत बसू नका. पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि शिक्का बघा, आणि सोळाव्या दिवशी तीच पोच पुढे करा.

आणखी एक. हे अनुदान नाही, कर्ज आहे. पहिलं कर्ज वर्षभरात, महिन्याच्या हप्त्यांनी फेडायचं असतं. व्याजावर 7 टक्के सवलत आहे, पण ती हप्त्यातून वजा होत नाही, नंतर खात्यात जमा होते. "सरकारने दिलेत, माफ होतील" म्हणून हप्ते थकवलेल्यांची सवलतही जाते आणि पुढचं कर्जही.

शिफारसपत्र मिळालं म्हणजे जागा पक्की झाली असं समजू नका. तो परवाना नव्हे. मात्र त्यानंतर 30 दिवसांत पालिकेने विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचं असतं. ते कुणी मागतच नाही, तुम्ही मागा. आणि माल उचललाच, तर 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सहीची यादी मिळायला हवी. रीतसर शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळतो. यादी, पोच, पावत्या सगळं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गाडीवरच्या ताडपत्रीखाली ठेवलेल्या कागदांची शाई एका पावसाळ्यात जाते.