पार्श्वभूमी : ‘बारा-दहा’ आणि ‘अठ्ठेचाळीस-चाळीस’

सोलापुरातून टॉवेलचा कंटेनर भरताना पॅलेट, म्हणजे खोके रचून फोर्कलिफ्टने उचलायचा फळ्यांचा पाट, बोटभर लहानमोठा झाला तर कुणाचं अडत नाही. टॉवेल दाबला की दबतो, खोका जरा बाहेर डोकावला तरी आत फुटण्यासारखं काही नसतं. पुष्कळदा तर पॅलेटशिवायच खोके थेट रचून दार लावतात. त्यामुळे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या पॅलेटवाल्यांकडे पुण्याकडून सर्किट बोर्ड आणि पॉवर सप्लायसाठी ऑर्डरी येऊ लागल्या, तेव्हा ड्रॉइंगवर मिलिमीटरची बंधनं पाहून सुतार हसले होते. ते हसू फार दिवस टिकलं नाही.

इलेक्ट्रॉनिक्सला स्वतःचा पॅलेट कधीच नव्हता. तो दुसऱ्यांकडून उसना आला. युरोपातल्या रेल्वेंनी १९६१ साली आपसांत अदलाबदलीचा करार केला आणि १२०० × ८०० मिमीचा पॅलेट पक्का केला. नऊ ठोकळे, अकरा फळ्या, ७८ खिळे. ८०० ची बाजू साध्या दारातूनही आत जाते. अमेरिकेत किराणा मालाच्या धंद्याने ४८ × ४० इंच रूढ केला. जपानने १९७० साली ११०० चा चौरस राष्ट्रीय प्रमाण म्हणून घेतला. सुटे भाग पूर्व आशियातून ‘अकरा-अकरा’वर निघायचे, जुळणी तिसऱ्याच देशात व्हायची आणि तयार यंत्र अमेरिकेच्या नाहीतर युरोपच्या मापावर गिऱ्हाइकाच्या दारात जायचं. मधे कुठल्यातरी गोदामात सगळे खोके हाताने उतरवून पुन्हा रचायचे. टॉवेलला याने काही होत नाही. बोर्डाच्या खोक्याला मात्र प्रत्येक हाताळणी म्हणजे आणखी एक आपटण्याची संधी.

यावर तोडगा म्हणून जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं, त्याच्या २००३ च्या आवृत्तीत किती मापं असावीत? सहा. वरची तीन, आपल्याकडे चालतो तो १२०० × १०००, आणि आणखी दोन चौरस, जे सोलापुरात तरी कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. बाजू घेणारे म्हणतात, प्रत्येक देशाचे रॅक आणि ट्रक आधीच बांधलेले होते. एकच माप लादलं असतं तर ते कागदावरच राहिलं असतं. मुद्दा खोटा नाही. तरी सहा मापांच्या यादीला प्रमाण म्हणणं म्हणजे सहाही भावांना थोरला म्हणणं.

खरा घोळ यातल्या दोन मापांचा. १२०० × १००० ला आमच्याकडे ‘बारा-दहा’ म्हणतात, ४८ × ४० इंचाला ‘अठ्ठेचाळीस-चाळीस’. फोनवर गिऱ्हाईक दोन्हीला ‘स्टँडर्ड’ म्हणतं. इंचाचं माप मिलिमीटरमध्ये १२१९ × १०१६ होतं. म्हणजे एका बाजूला १९ मिमी आणि दुसऱ्या बाजूला १६ मिमीचा फरक. लांबून पाहिलं तर मालकालाही ओळखू येत नाही.

एकदा अशाच फोनवरच्या ‘स्टँडर्ड’वर आम्ही बारा-दहाचा लॉट ठोकून दिला. खोके होते १६ × २४ इंचाचे, अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेले. १६ इंची तीन खोके शेजारी लावले की ४८ इंच बरोबर भरतात. आमच्या १२०० वर ते दोन्हीकडून जेमतेम पेनाच्या जाडीएवढे बाहेर राहिले. पुठ्ठ्याच्या खोक्याचा भार त्याचे चार उभे कोपरे पेलतात. कोपऱ्याखालची फळी गेली की वरच्या थरांचं वजन नुसत्या पुठ्ठ्याच्या भिंतीवर येतं. खालच्या थराचे कोपरे प्रवासातच बसले. आतले बोर्ड फोममध्ये शाबूत होते, पण चेपलेला खोका पाहिल्यावर घेणाऱ्याने उघडूनसुद्धा पाहिलं नाही. लॉट परत.

उलटीकडूनही अडचण आहेच. ६०० × ४०० चे पाच खोके बारा-दहावर अगदी चपखल बसतात, तीन आडवे आणि दोन उभे. अकरा-अकरावर तेच खोके लावायचे तर कडेला पट्टा रिकामा राहतो किंवा मधे भोक पडतं. मात्र कंटेनरमध्ये अकरा-अकराच शहाणा. आतली रुंदी २३५० मिमीच्या आसपास. ११०० दोनदा मावतो, १२०० दोनदा मावत नाही. बारा-दहा भरायचा तर एक सरळ आणि शेजारचा फिरवून लावायचा. त्यासाठी फोर्कलिफ्टचे काटे चारही बाजूंनी आत जायला हवेत, म्हणजे दोन बाजूंनी उघडा असलेला स्वस्त पॅलेट बाद. मापाची भांडणं पुष्कळ होतात, या चार बाजूंबद्दल फारसं कुणी बोलत नाही. खर्च तिथेच वाढतो.

एवढं करूनही एकसारखेपणा आला तो मापात नव्हे, शिक्क्यात. १९९६ साली न्यूयॉर्कच्या झाडांत आशियातला लांब मिशांचा भुंगा सापडला. तो लाकडी पॅकिंगमधून आल्याचं मानलं गेलं, आणि १९९८ मध्ये अमेरिकेने चीनच्या मालाला प्रक्रिया केलेल्याच लाकडाची अट घातली. २००२ साली जगभरासाठी नियम ठरला : लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, नाहीतर मिथाइल ब्रोमाइडची धुरी, आणि वर गव्हाच्या ओंबीचा शिक्का. पुढे २०१० पासून युरोपात त्या धुरीचा वापरच थांबला, तेव्हा आमच्याकडच्या गिऱ्हाइकांनीही ‘एचटीच पाहिजे’ (हीट ट्रीटमेंट, म्हणजे भट्टीत तापवलेलं लाकूड) असा धोशा लावला. कांडल्याहून येणारा पाइन भट्टीत घालायचा आणि मग ठोकायचा, हा क्रम तेव्हापासून अंगवळणी पडला. सहा मापांवर ज्यांचं कधी जुळलं नाही ते सगळे या एका शिक्क्यावर मुकाट एक झाले, कारण शिक्का नसेल तर बंदरातूनच माल मागे फिरतो.

मात्र ‘एचटी’ म्हणजे वाळलेलं लाकूड, हा समज काढायला अजून वेळ लागतोय. अर्ध्या तासात किडा मरतो, ओल जात नाही. ओला पॅलेट बंद कंटेनरमध्ये गेला की तेच पाणी छताला लागून खोक्यांवर टपकतं, आणि बुरशी येते ती वेगळीच. म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाले आता ओलाव्याचा आकडाही मागतात.

काहींनी लाकूडच सोडलं. प्लास्टिकला शिक्का लागत नाही, पण साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, आणि उघड्या चिपला तीच भोवते. मग कार्बन घातलेला काळा, महाग पॅलेट घ्यावा लागतो. २०२० नंतर देशात मोबाइलच्या जुळणीला सरकारी प्रोत्साहन मिळालं. फोन बहुतांशी विमानाने जातात, आणि तिथे लांबीरुंदीपेक्षा उंची आधी विचारतात, कारण प्रवासी विमानाच्या पोटात साधारण १६० सेंमीच्या वर रचून चालत नाही.

आमच्या शेडमध्ये त्या परत आलेल्या लॉटनंतर दोन लाकडी फर्मे भिंतीला टांगले आहेत, बारा-दहाचा निळा आणि अठ्ठेचाळीस-चाळीसचा लाल. फोनवर कुणी ‘स्टँडर्ड’ म्हणालं की पोरं आधी विचारतात, “निळा का लाल?” समोरच्याला काही कळत नाही. मग तो खोक्याचं माप पाठवतो.