चंद्रावरील प्रस्तरभंग आणि रिल

चंद्राच्या कवचातील खडक ताणामुळे किंवा दाबामुळे तुटून त्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत सरकल्या, की त्या रचनेला प्रस्तरभंग म्हणतात. तर चंद्रपृष्ठावर चर खणल्यासारख्या दिसणाऱ्या लांब व अरुंद घळीला रिल म्हणतात. रिल हा शब्द मूळचा जर्मन असून त्याचा अर्थ खाच किंवा चर असा आहे. हे नाव केवळ आकारावरून पडलेले आहे, कारणावरून नव्हे, आणि या विषयातला बराचसा जुना गोंधळ त्यातूनच आलेला आहे. दुर्बिणीतून सारख्याच दिसणाऱ्या दोन घळींपैकी एक कवच ताणले जाऊन मधला पट्टा खचल्याने झालेली असते, तर दुसरी वितळलेल्या लाव्ह्याच्या प्रवाहाने घडवलेली असते. म्हणजे प्रत्येक रिलच्या मुळाशी प्रस्तरभंग असतोच असे नाही, आणि प्रत्येक प्रस्तरभंग रिलचे रूप घेतो असेही नाही.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या नामपद्धतीत या रूपांना लॅटिन संज्ञा दिलेल्या आहेत. रिलला रिमा, कड्याला रुपेस, दरीला व्हॅलिस आणि सुरकुतीसारख्या उंचवट्याला डोर्सम म्हणतात. या संज्ञाही आकारच सांगतात, त्यामुळे नावावरून उत्पत्तीचा निष्कर्ष काढता येत नाही.

अशा रचना पाहण्यात प्रकाशाचा कोन सर्वांत महत्त्वाचा असतो. पौर्णिमेला सूर्यकिरण चंद्राच्या मध्यभागावर जवळजवळ लंबरूप पडतात, सावल्या नाहीशा होतात आणि शेकडो मीटर खोल घळीही दिसेनाशा होतात. उलट उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ सूर्य क्षितिजालगत असल्यामुळे थोडासा उंचवटाही लांबलचक सावली टाकतो. नुबियम सागरातील (चंद्रावरील ‘सागर’ म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचे विस्तीर्ण मैदान) रुपेस रेक्टा, म्हणजे ‘सरळ भिंत’, हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. शुक्ल पक्षातील अष्टमीच्या सुमारास तिच्या जागी काळी रेघ दिसते, आणि कृष्ण पक्षात त्याच भागात सूर्य मावळतीला आला की तीच रेघ उजळ पांढरी होते, कारण तिचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सतराव्या शतकात ख्रिस्तिआन हायगेन्स याने या रचनेची नोंद केली होती. रिलांचा पद्धतशीर अभ्यास मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील लिलिएनथाल येथील योहान श्रोएटर याच्यापासून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकात ही संख्या झपाट्याने वाढली आणि १८६६ मध्ये यूलिउस श्मिट याने प्रसिद्ध केलेल्या यादीत ४२५ रिल होते.

सरळ भिंत ही नावाप्रमाणे भिंत नाही. तिची लांबी सुमारे ११० किलोमीटर आणि उंची काहीशे मीटर आहे. परंतु हा उतार दोन-तीन किलोमीटर रुंदीत पसरलेला असल्यामुळे तिथे उभ्या असलेल्या माणसाला तो चढून जाता येण्याजोगा चढ वाटेल. लांब सावलीमुळे पृथ्वीवरून तो उभा कडा भासतो. भूवैज्ञानिक दृष्टीने हा सामान्य प्रस्तरभंग आहे, म्हणजे कवच ताणले गेले आणि भेगेच्या पश्चिमेकडील भाग खाली घसरला. कडा ज्या लाव्हामैदानाला छेदतो त्या मैदानापेक्षा तो उघडच नंतरचा असला पाहिजे. कोणी कोणाला छेदले, हे पाहून आधी-नंतरचा क्रम लावण्याची ही रीत चंद्राच्या अभ्यासात पदोपदी उपयोगी पडते, कारण तिथे पाऊस, वारा आणि नद्या यांची झीज नसल्यामुळे अब्जावधी वर्षांपूर्वीचे छेदही वाचता येतात.

एकाऐवजी दोन समांतर प्रस्तरभंग एकमेकांकडे उतरते झाले आणि त्यांच्यामधला पट्टा खाली बसला, की खचदरी तयार होते. चंद्रावरील बहुतेक सरळ आणि कमानदार रिल या प्रकारचे आहेत. सरळ रिलांमध्ये रिमा अरिआडेअस हा आदर्श म्हणावा असा आहे. ट्रँक्विलिटाटिस सागराच्या पश्चिमेला तो सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला असून त्याची रुंदी पाच किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या वाटेत काही ठिकाणी जुने डोंगरकणे आडवे येतात, आणि तिथे डोंगरकण्याचा मधला तुकडा नाहीसा झालेला नसून दरीच्या तळाशी जसाच्या तसा खाली बसलेला दिसतो. वाहत्या कशानेही ही घळ कोरली असती तर तो तुकडा उरला नसता. घळ खचून झाली याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

कमानदार रिल वर्तुळाकार चांद्रसागरांच्या कडेने त्यांच्याशी समकेंद्री वळणे घेतात. ह्युमोरम सागराच्या पूर्व काठावरील हिप्पालस रिलांची समूहरचना छोट्या दुर्बिणीतूनही दिसते. त्यांतील एक रिल जुन्या हिप्पालस विवराच्या तळावरून आरपार गेलेला आहे. त्यांचे कारण सागर भरणाऱ्या बेसाल्टच्या वजनात आहे. प्रचंड आघाताने झालेल्या खोऱ्यात लाव्ह्याचे थरावर थर साचले, तेव्हा त्या भाराखाली खोऱ्याचा मध्य वाकून खाली गेला. एखादी जाड फळी मध्ये दाबली की तिच्या वरच्या पृष्ठभागावर मध्यभागी दाब निर्माण होतो आणि वाकणाऱ्या भागाबाहेर कडेला ताण येतो, तसाच प्रकार इथे घडला. म्हणून सागराच्या आत सुरकुत्यांसारखे उंचवटे आढळतात आणि काठाबाहेर खचदऱ्या. सेरेनिटाटिस सागरातील डोर्सा स्मिर्नोव्ह ही अशा सुरकुतीची प्रसिद्ध ओळ आहे. तिच्या खाली पृष्ठभागापर्यंत न पोहोचलेले उलट प्रस्तरभंग, म्हणजे दाबामुळे एक बाजू दुसरीवर चढलेल्या भेगा, असून वरचे बेसाल्टचे थर त्यांच्यावर वलीप्रमाणे उचलले गेलेले आहेत. या खोऱ्यांमध्ये वस्तुमानाची दाटी आहे हे १९६८ मध्ये लुनर ऑर्बिटर यानांच्या मार्गातील विचलनांवरून पॉल म्युलर आणि विल्यम श्योग्रेन यांनी दाखवून दिले, तेव्हा भाराच्या या कल्पनेला भक्कम आधार मिळाला.

मोठ्या खचदऱ्या बनण्याचे काम फार पूर्वीच, सुमारे ३.६ अब्ज वर्षांपूर्वी, थांबले असे सागरांच्या वयाशी केलेल्या तुलनेवरून दिसते; सुरकुत्या मात्र त्यानंतरही पडत राहिल्या. आरंभीच्या काळात आतून तापत असलेला चंद्र किंचित फुगत होता, त्यामुळे कवच ताणाखाली होते. पुढे तो निवत आकसू लागला आणि ताणाची जागा दाबाने घेतली, असा याचा अर्थ लावला जातो. ग्रेल मोहिमेच्या जुळ्या यानांनी २०१२ मध्ये घेतलेल्या गुरुत्वमापनात कवचाच्या खोलात शेकडो किलोमीटर लांबीच्या सरळ, दाट पट्ट्या आढळल्या. त्या ताणलेल्या कवचात घुसून थिजलेल्या शिलारसाच्या भिंती असाव्यात, आणि मग चंद्राच्या आरंभीच्या प्रसरणाची ती स्वतंत्र साक्ष ठरते.

शिलारसाच्या अशा भिंती आणि खचदऱ्या यांचा संबंध हायगिनस रिलमध्ये पृष्ठभागावरच दिसतो. सुमारे २२० किलोमीटर लांबीच्या या रिलला मध्यावर बाक आहे आणि त्या बाकावरच सुमारे नऊ किलोमीटर व्यासाचे हायगिनस विवर आहे. आघाताने झालेल्या विवराभोवती उंच कड असते. याला ती जवळजवळ नाही. शिवाय रिलच्या बाजूने लहान खळग्यांची माळच लागलेली आहे. खाली शिलारस सरकल्यामुळे किंवा वायू निसटल्यामुळे जमीन बसून ही रचना झाली असावी. ताणामुळे झालेली आणि ज्वालामुखीमुळे झालेली असे दोन स्वच्छ कप्पे करणाऱ्यांना हायगिनस नेहमीच अडवतो, आणि चंद्राच्या कवचाचे खरे वर्तन समजून घेण्यासाठी तो म्हणूनच अधिक मोलाचा आहे.

तिसरा प्रकार नागमोडी रिलांचा. हे आकाराने नदीच्या पात्रासारखे असल्यामुळे त्यांत कधी काळी पाणी वाहिले असावे, असे मत विसाव्या शतकाच्या साठीतही गांभीर्याने मांडले जात होते. परंतु नदीच्या उलट, हे रिल उगमाशी रुंद असतात आणि उताराच्या दिशेने अरुंद व उथळ होत मैदानात विरून जातात. त्यांना उपनद्याही नसतात. अरिस्टार्कस पठारावरील श्रोएटर दरी हा त्यांतला सर्वांत भव्य नमुना होय. हेरोडोटस विवराजवळच्या ‘नागाचा फणा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खोल खळग्यातून ती निघते आणि सुमारे १६० किलोमीटर वळणे घेत जाते. तिच्या सपाट तळावरून आणखी एक बारीक नागमोडी रिल वाहत गेलेला आहे, म्हणजे एकाच उगमातून लाव्हा निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळ्या प्रमाणात बाहेर पडला.

या वादाचा निर्णय करण्यासाठी माणूस प्रत्यक्ष एका रिलच्या काठावर जाऊन आला. जुलै १९७१ च्या अखेरीस अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन हॅडली रिलजवळ उतरले आणि चांद्रगाडीतून त्याच्या काठापर्यंत गेले. तिथे घळ सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि तीनशे मीटरांहून अधिक खोल आहे. समोरच्या भिंतीत त्यांना बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसले. तोपर्यंत चंद्रावर मूळ जागी असलेला थरांचा खडक असा उघडा पाहायला मिळाला नव्हता, कारण सर्वत्र आघातांनी झालेल्या चुऱ्याचे आवरण असते. काठावरून ते आवरण घळीत ओघळून गेल्यामुळे खडक उघडा पडला होता. काठाजवळून आणलेल्या नमुन्यांत साडेनऊ किलोपेक्षा जास्त वजनाचा १५५५५ क्रमांकाचा बेसाल्ट होता. त्याचे वय सुमारे ३.३ अब्ज वर्षे निघाले आणि त्यात पाण्याच्या सान्निध्यात बनणारी खनिजे नव्हती. हॅडली रिल लाव्ह्याचा आहे, यावर त्यानंतर शंका उरली नाही.

चंद्रावरील बेसाल्टी लाव्हा अतिशय पातळ होता, आणि तो दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात वाहत राहिला, तर आपल्या उष्णतेने खालचा खडक मऊ करून व वितळवून खोल जाऊ शकत होता. काही ठिकाणी प्रवाहाच्या कडा थिजून बांध उभे राहिले, तर काही ठिकाणी वरचा पापुद्रा थिजून छत तयार झाले व आतला लाव्हा नळीतून वाहत राहिला. पुढे छत कोसळले की नळीची घळ होते. एकाच रिलच्या लांबीत या तिन्ही क्रिया घडलेल्या असू शकतात, म्हणून त्यांपैकी एकीलाच कारण ठरवण्याचा हट्ट धरणे बरोबर नाही. छत असलेल्या नळ्या अजूनही शिल्लक आहेत, याची शक्यता २००९ मध्ये बळावली, जेव्हा जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांत मारिउस टेकड्यांमधील एका नागमोडी रिलच्या तळाला सुमारे पन्नास मीटर खोलीचा, सरळ कडांचा खड्डा दिसला. चांद्रयान-१ च्या भूप्रदेश नकाशा कॅमेऱ्याच्या चित्रांतही एका रिलच्या दोन कोसळलेल्या भागांमध्ये न कोसळलेला, दीड किलोमीटरपेक्षा लांब तुकडा ओळखला गेला.

रेखीव दिसणारी प्रत्येक दरी या तीन प्रकारांत बसवता येत नाही. आग्नेय भागातील चारशे किलोमीटरहून लांब रेइटा दरी प्रस्तरभंगासारखी वाटते, पण ती नेक्टारिस खोरे घडवणाऱ्या आघातातून उडालेल्या खडकांच्या माऱ्याने झालेल्या विवरांची एकमेकांत मिसळलेली ओळ आहे. अल्ताई कडादेखील साधा प्रस्तरभंग नसून त्याच खोऱ्याच्या बाह्य कड्याचा उरलेला भाग आहे.

चंद्रावरील सर्वांत ताजे प्रस्तरभंग मात्र दुर्बिणीला कधीच दिसले नव्हते. ते उलट प्रस्तरभंग असून त्यांत दाबामुळे एका बाजूचे कवच दुसरीवर चढते आणि पुढची कडा पाळ्यांसारखी वळणे घेते. त्यांची उंची बहुधा शंभर मीटरांपेक्षा कमी आणि लांबी थोड्या किलोमीटरची असते. लुनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर २००९ पासून घेत असलेल्या सूक्ष्म छायाचित्रांत असे हजारो कडे सापडले आणि ते चंद्रभर पसरलेले आहेत. हे विखुरलेपण महत्त्वाचे आहे, कारण स्थानिक भाराने सागराभोवतीच कडे झाले असते. सर्वत्र कडे असण्यासाठी संपूर्ण गोलच आकसत असला पाहिजे. त्यावरून चंद्राची त्रिज्या अलीकडच्या भूवैज्ञानिक काळात काही दहा मीटरांपासून शंभर मीटरांपर्यंत कमी झाल्याचा अंदाज बांधला गेला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे युजीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट यांनी टॉरस-लिट्रो दरीतील ली-लिंकन हा सुमारे ऐंशी मीटर उंचीचा कडा चांद्रगाडीने पार केला. माणसाने पृथ्वीबाहेर प्रत्यक्ष ओलांडलेला हा असा एकमेव प्रस्तरभंग आहे.

हे कडे लहान विवरांना कापत जातात, आणि लहान विवरे चंद्रावर फार काळ टिकत नाहीत. म्हणून कडेही भूवैज्ञानिक मापाने तरुणच असले पाहिजेत. १९६९ ते १९७७ या काळात अपोलोच्या कंपमापकांनी २८ उथळ चंद्रकंप नोंदवले होते. २०१९ मध्ये टॉमस वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांची केंद्रे नव्याने काढली, तेव्हा आठ कंपांची केंद्रे ज्ञात कड्यांपासून ३० किलोमीटरच्या आत आली, आणि त्यांतील बहुतेक कंप चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूर असताना, म्हणजे भरतीजन्य बल आकसण्याच्या बलात भर घालत असताना झालेले होते. दक्षिण ध्रुवाजवळही असे कडे आहेत. तिथल्या पुढच्या उतरणजागा निवडताना त्यांचे अंतर आणि आसपासच्या उतारांची स्थिरता मोजावी लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या प्रदेशात उतरलेल्या चांद्रयान-३ च्या कंपमापकाने २६ ऑगस्ट रोजी नैसर्गिक वाटणारा एक कंप नोंदवला.