पीक विमा आणि अतिवृष्टीचे अनुदान: एका पंचनाम्यावर दोन्ही मिळत नाहीत

अतिवृष्टीनंतर तलाठी आणि कृषी सहायक पंचनामा करून गेले की ‘आता विमा मिळणार’ असे गावोगाव सर्रास बोलले जाते, आणि बातम्यांचे मथळेही विमा आणि सरकारी अनुदान या दोन्ही रकमांना सरसकट ‘भरपाई’ म्हणून या गोंधळात भर घालतात. पैसे आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जमा होत असले, तरी त्यांचा हिशेब सर्वस्वी वेगळा आहे.

अनुदान बहुतेकांना ठाऊक आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार किमान ३३ टक्के नुकसान झाल्यास जिरायत पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरांपर्यंत. २०२५ च्या खरिपात राज्याने ही मर्यादा ३ हेक्टर केली. सरकारी कागदावर हे ‘निविष्ठा अनुदान’ आहे, म्हणजे पुढच्या बी-खताला हातभार. त्याला भरपाई म्हणूच नये, कारण ३५ टक्के नुकसान झालेल्याला आणि सगळे पीक वाहून गेलेल्याला दर एकच असतो.

खरी गफलत होते ती मोजणी कुठे होते याबाबत. अनुदानासाठी तुमचा गट, म्हणजे तुमची स्वतःची जमीन, पाहिली जाते; विम्यासाठी तुमचे महसूल मंडळ, म्हणजे आसपासच्या अनेक गावांचा मिळून झालेला विभाग. हप्ता प्रत्येक जण स्वतःच्या नावाने भरतो, पावतीवर आपलेच क्षेत्र लिहिलेले असते, त्यामुळे विमा आपल्याच शेताचा उतरवला आहे असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु पंतप्रधान पीक विमा योजनेत प्रमुख पिकांचे नुकसान मंडळाच्या सरासरी उत्पादनावरून ठरते. मागील ७ वर्षांतील चांगल्या ५ वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने, म्हणजे त्या सरासरीच्या जितक्या टक्क्यांची विमा हमी देतो त्याने, गुणले की उंबरठा उत्पादन मिळते; मंडळाचे उत्पादन त्याखाली गेले तरच विमा मिळतो. जोखीमस्तर ७० टक्के असेल, तर सरासरीतील पहिली ३० टक्के घट शेतकऱ्याच्याच अंगावर पडते.

समजा, सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी १२ क्विंटल आणि विमा संरक्षित रक्कम ५८,००० रुपये आहे. मंडळात ९ क्विंटल उत्पादन निघाले, तर घट एक चतुर्थांश, म्हणून विमा उतरवलेल्या प्रत्येकाला हेक्टरी १४,५०० रुपये, मग कोणाच्या शेतात १५ क्विंटल का पिकले असेना. उलट मंडळात १३ क्विंटल निघाले, तर नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याच्या हाती २ क्विंटलही लागले नाहीत, त्याला विम्याचा एक पैसा मिळत नाही, जरी पंचनाम्यात त्याचे नुकसान ८० टक्के नोंदवलेले असले आणि अनुदान जमा झालेले असले तरी. विमा क्षेत्राधारित ठेवण्यामागे प्रत्येक शेताच्या पाहणीचा खर्च टाळण्याचे कारण आहे, हे मान्य. पण नदीकाठच्या शेतकऱ्यासाठी हा अन्यायच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी स्थानिक आपत्तीत ७२ तासांत नुकसानीची सूचना दिल्यास वैयक्तिक पाहणी होत असे. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातील विम्याबरोबर ही तरतूदही वगळली, तरीही ‘७२ तासांत फोटो टाका’ हे संदेश फिरतच राहिले, आणि पाण्यात उभे राहून फोटो काढणाऱ्यांचा वेळ व आशा दोन्ही वाया गेली.

म्हणून विम्याबाबत तलाठ्याकडे चकरा मारण्यापेक्षा मंडळाचे सरासरी उत्पादन ज्यांवरून काढतात ते पीक कापणी प्रयोग आपल्या मंडळात कोणत्या गटांत आहेत हे कृषी कार्यालयात विचारावे, आणि शेतात चौकोन आखून कापलेल्या सोयाबीनची मळणी होऊन दाणे तोलले जातात, त्या वेळी काट्याजवळ उभे राहून नोंद पाहावी.